नागपुरात खायचं कुठे आणि मागवायचं काय: तर्री पोह्यापासून सावजीपर्यंत

नागपुरात पहिल्यांदा येणारे पाहुणे दोन गोष्टींत हमखास फसतात. सकाळी हॉटेलातला नाश्ता आटोपून साडेदहा-अकराला बाहेर पडतात, तोवर चांगल्या पोह्याच्या गाड्यांवर परात खरवडायला आलेली असते. आणि रात्री साडेनऊला, दिवसभराच्या प्रवासानंतर, सगळ्यात झणझणीत सावजी मटण मागवतात. चौथ्या घासाला डोळ्यांत पाणी, मग तांब्याभर पाणी पोटात, आणि नागपूरचं जेवण म्हणजे नुसती आग असा कायमचा ग्रह. दोन्ही टाळता येतं. इथलं खाणं वेळेला बांधलेलं आहे, आणि तर्री, म्हणजे वरचा तिखट, तेलकट रस्सा, किती हवी हे सांगायची मुभा जवळजवळ सगळीकडे आहे. काय सांगायचं तेवढं ठाऊक हवं.

खाण्यापुरता शहराचा नकाशा सोपा आहे. मध्यभागी सीताबर्डी, म्हणजे बर्डी. पश्चिमेला धरमपेठ, गोकुळपेठ, शंकरनगर, लक्ष्मीनगर: नाश्ता, चाट, शाकाहारी थाळी, आइस्क्रीम. पूर्वेला जुनं नागपूर, म्हणजे महाल, इतवारी, गांधीबाग, गोळीबार चौक: सावजी, मसाले, मिठाई. मेट्रोच्या दोन मार्गिका बर्डीला एकमेकींना छेदतात. लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर ही आडवी, खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही उभी. पोह्यांसाठी कस्तुरचंद पार्क, धरमपेठेकडे जायला शंकरनगर किंवा झाशी राणी चौक, जुन्या शहरासाठी अग्रसेन चौक किंवा चितार ओळ ही स्थानकं लक्षात ठेवा. जुन्या शहराच्या गल्ल्यांत चारचाकी नेऊ नका. पार्किंग शोधण्यातच भूक मरते. मेट्रोने उतरून पुढे ऑटो करणं केव्हाही बरं.

सकाळ: तर्री पोहे

वेळ सकाळी सात ते साडेनऊ. रविवारी आठच्या आत, कारण अख्खं शहर त्याच गाड्यांवर असतं. कस्तुरचंद पार्कजवळची केपी की टपरी सगळ्यांना माहीत आहे आणि बाहेरून येणाऱ्याने तिथून सुरुवात करायला हरकत नाही. पण पोहे ही एका दुकानाची मक्तेदारी नाही. गोकुळपेठ, बर्डी, मेडिकल चौक, गणेशपेठ बसस्थानकाचा परिसर, जिथे गाडीभोवती दोन रांगा उभ्या असतील तिथे थांबा. गर्दीमुळे परात पटापट रिकामी होते, ताजे पोहे येत राहतात, तर्री उकळती राहते. रिकाम्या गाडीवर पोहे तास-तासभर मंद आचेवर पडून असतात. खालचा थर कडक, वरचा कोरडा, आणि मग ते कोरडेपण लपवायला वरून जास्त तर्री.

गाडीवर नीट बघा. एका बाजूला पिवळ्याधमक पोह्यांची परात, दुसऱ्या बाजूला तर्रीचं पातेलं. तर्री म्हणजे काळ्या हरभऱ्याचा पातळ, तिखट रस्सा. वर लालभडक तेलाचा थर, मधे मसाल्याचं पाणी, तळाशी चणे. सगळी गंमत डावात आहे. डाव वरच्यावर बुडवला तर वाटीत तेल येतं, तळातून घेतला तर चणे येतात, मधून घेतला तर नुसता रस्सा. नेहमीचं गिऱ्हाईक म्हणूनच ओरडतं, "चना जास्त, तेल कमी." तुम्हीही तेच म्हणा. इथे गाडीवरची बोली बहुधा हिंदी-मराठी मिसळलेली असते. "तर्री मारके" म्हटलं की पोह्यांवर थेट रस्सा पडतो. "तर्री बाजूला" म्हटलं की वेगळ्या वाटीत मिळतो, आणि पहिल्यांदा खाणाऱ्याने तोच मार्ग धरावा.

वेगळी मागवण्याचं कारण नुसतं तिखट नाही. पोहे रस्सा झपाट्याने शोषतात. प्लेट हातात घेऊन फोटो काढत उभं राहिलं तर तीन-चार मिनिटांत लगदा होतो. दोन चमचे तर्री, चार घास, परत दोन चमचे, असं खाल्लं तर पोह्याचा दाणा शेवटपर्यंत मोकळा राहतो. वरून कच्चा कांदा, शेव किंवा चिवडा, सांबार आणि लिंबू. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, ते ऐकून इडली शोधू नका. लिंबू कधीही नाकारू नका, आंबटामुळे तेल जिभेवर बसत नाही. सोबत तळलेली मिरची असते, ती बघून घ्या, काही गाड्यांवर ती तर्रीपेक्षा जड जाते. दुसऱ्यांदा तर्री मागितली तर बहुतेक ठिकाणी वाढतात.

मुलांना साधे पोहे द्या आणि सोबत जिलबी. गरम जिलबी आणि पोहे ही जोडी इथे सकाळीच चालते. पोहे नको असतील तर आलूबोंडा. तोही तर्रीत बुडवून खायची रीत आहे. बोंडा फोडायचा, वर रस्सा, वर कांदा. बोंडा गार असेल तर घेऊ नका, गरम तर्रीने वरचं आवरण ओलं होतं, आतलं आलू मात्र गारच राहतं.

दुपार: सावजी, आणि तेही दुपारीच

सावजी जेवण हे नागपूरच्या विणकरांचं, हलबा-कोष्टी समाजाचं. हातमाग आणि पुढे पॉवरलूमच्या वस्त्या जिथे होत्या तिथेच ही भोजनालयं वाढली, म्हणून अस्सल जागा आजही गोळीबार चौक, महाल, इतवारी याच पट्ट्यात भेटतात. आता तर वर्धा रोडपासून रिंग रोडपर्यंत प्रत्येक दुसऱ्या पाटीवर सावजी लिहिलेलं असतं. पाटीवर जाऊ नका, वासावर जा.

आमचं ठाम मत असं, की सावजीची ओळख तिखट ही नाहीच. तिखट ही फक्त वरची बाजू. खरी ओळख भाजलेल्या मसाल्याची: धणे, जिरं, शहाजिरं, लवंग, काळी मिरी, दालचिनी, मसाला वेलची, तेजपान, जायपत्री आणि भरपूर दगडफूल. त्यात भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, भाजलेला कांदा. रस्सा दाट करायला ज्वारीचं भाजलेलं पीठ. पूर्वी हे सगळं जवसाच्या तेलात शिजायचं. चांगल्या रश्श्याचा रंग लाल नसतो, काळपट तपकिरी असतो आणि वर लालसर तेलाची कड असते. रस्सा नुसता लालभडक दिसला तर मिरचीपूड आणि रंगावर काम भागवलंय असं समजा. तो तिखट लागेल, पण दोन मिनिटांनी तोंडात मागे काहीच उरणार नाही. चांगल्या सावजीत मिरचीचा जाळ ओसरल्यावर लवंग आणि दगडफुलाची चव रेंगाळते. तीच खायला जायचं.

वार बघून जा. सोमवार, गुरुवार, शनिवार अनेक घरांत मटण नसतं, त्या दिवशी भोजनालयांत उठाव कमी. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे खरे दिवस. श्रावणात काही ठिकाणी स्वयंपाक अगदी मोजका होतो. दुपारी साडेबारा ते दोन ही उत्तम वेळ. सकाळी चढवलेलं पातेलं तोवर मुरलेलं असतं आणि चांगले तुकडे संपलेले नसतात. तिसरं कारण पोटाचं आहे: हे जेवण पचायला पाच-सहा तास जागं राहिलेलं बरं. रात्रीच्या गाडीने निघायचं असेल तर त्या संध्याकाळी सावजी खाऊ नका. ही सूचना गंभीरपणे घ्या.

काही जुन्या जागांत संध्याकाळनंतर बैठका रंगतात. कुटुंब सोबत असेल तर दुपारीच जा, किंवा फॅमिलीसाठी वेगळी खोली आहे का ते दारातच विचारा.

आता मागवायचं काय. पहिल्यांदा जात असाल तर एक प्लेट मटण आणि सोबत ज्वारीची भाकरी. प्लेटमध्ये मोजके तुकडे आणि वर रस्सा येतो. रस्सा संपला की परत मागता येतो, बऱ्याच ठिकाणी त्याचे वेगळे पैसे नसतात, तरी आधी विचारून घ्यावं. वाढप्याला तीन गोष्टी सांगा: तर्री कमी, रस्सा वेगळ्या वाटीत, आणि आधी भाकरी व कांदा. सावजीत तर्री म्हणजे रश्श्यावरचं तेल, म्हणून तर्री कमी सांगितल्यावर तो हे तेल डावाने बाजूला सारून खालचा रस्सा घालतो. मिरचीचा जाळ तेलात उतरलेला असतो, त्यामुळे तेल गेलं की तिखट निम्म्याने कमी होतं आणि मसाला मात्र तसाच राहतो. "कमी तिखट बनवा" असं सांगून उपयोग नाही. रस्सा सकाळीच एका पातेल्यात झालेला असतो, तुमच्यासाठी वेगळा होत नाही.

तिखट लागलं तर पाणी पिऊ नका. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतो. पाण्याने तो तोंडभर पसरतो, एवढंच. दही मागवा, नाहीतर मठ्ठा, तेही नसेल तर पांढऱ्या भाताचा कोरडा घास. आणि जेवण उपाशीपोटी सुरू करू नका. आधी अर्धी भाकरी कांदा-लिंबासोबत खा, मग रश्श्याला हात लावा.

भाकरी चुरून खायची. गरम भाकरीचे बारीक तुकडे ताटात करायचे, त्यावर दोन पळ्या रस्सा, अर्धा मिनिट थांबायचं, मग खायचं. ज्वारी तेल पिऊन घेते. पोळीने तसं होत नाही, ती रश्श्यात घसरते आणि प्रत्येक घासाला तोंडात तेल पुढे येतं. म्हणून भाकरी आहे तिथे पोळी मागवू नये. भात शेवटी, उरलेल्या रश्श्यासोबत.

मटणाची सवय झाली की पुढच्या पदार्थांकडे वळा. खूर, म्हणजे पायांचा चिकट रस्सा, हिवाळ्यात उत्तम. मुंडी. खिमा, आणि खिम्याचे गोळे. कलेजी सुकी मागवा, रश्श्यात ती कडक होते. सुंदरी आणि वजडी हे आतड्या-पोटाचे प्रकार फक्त गर्दीच्या जागी आणि दुपारीच खा, कारण त्यांत स्वच्छता आणि ताजेपणा सगळ्यात महत्त्वाचा. वास जरा उग्र आला तर परत पाठवा. कोंबडीत गावरानी मिळत असेल तरच घ्या. ब्रॉयलर या मसाल्यात टिकत नाही, मांस मऊ होऊन तंतू सुटतात आणि मसाला आत शिरत नाही. गावरानीला शिजायला वेळ लागतो, म्हणून ती संपली असं सांगितलं तर चिडू नका. मोठा गट असेल तर सकाळी फोन करून सांगून ठेवावं.

शाकाहारी माणसाने उपाशी राहायचं कारण नाही

सावजी मसाल्यातला डाळ-कांदा हा आमच्या मते शहरातला सगळ्यात दुर्लक्षित पदार्थ. हरभऱ्याची डाळ अख्खी राहील इतपतच शिजलेली, सोबत भरपूर कांदा, तोच काळा मसाला. डाळ बोटाने दाबली की फुटली पाहिजे, पण वाटीत विरघळलेली नको. विरघळलेली असेल तर ती सकाळची परत परत गरम केलेली आहे. शेवभाजी मागवली तर शेव वेगळी आणा म्हणावं, नाहीतर टेबलावर येईपर्यंत तिचं पिठलं झालेलं असतं.

पाटोडी रस्सा सगळीकडे मिळतो आणि बहुतेक ठिकाणी बिघडलेला मिळतो. पाटोडी म्हणजे घट्ट शिजवलेलं बेसन ताटात थापून, वर खोबरं, खसखस, सांबार भुरभुरून पाडलेल्या वड्या. वडी बोटात धरल्यावर वाकली पाहिजे, तुटली नाही पाहिजे. तुटली तर बेसनात पाणी कमी आणि शिजणं अपुरं. दुसरा दोष असा, की वड्या आधीच रश्श्यात टाकून ठेवतात. त्या फुगतात, कडा विरघळतात, रस्साही बेसनाने घट्ट होतो. म्हणून पाटोडी ताटात आणि रस्सा वाटीत मागवा, आणि खाताना एकेक वडी बुडवा.

कडक शाकाहारी असाल तर एक गोष्ट आधी विचारा: शाकाहारी रस्सा वेगळ्या चुलीवर, वेगळ्या डावाने होतो का. मिश्र भोजनालयांत याची खात्री नसते. नुसत्या शाकाहारी सावजीच्या जागाही शहरात आहेत, चौकशी करून तिथे जा.

सावजीबाहेरचं वैदर्भीय घरगुती जेवण हवं असेल तर शेफ विष्णू मनोहर यांची विष्णूजी की रसोई हा सोयीचा पत्ता. एकाच पंगतीत वडा-भात, गोळा-भात, झुणका, भाकरी, ठेचा, पुरणपोळी असं बरंच भेटतं. अशा ठिकाणी सगळं थोडं थोडं घ्यायच्या नादात पदार्थांची रीत चुकते, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

वडा-भात: वेगवेगळ्या डाळी भिजवून जाडसर वाटतात, मिरची-लसूण घालून चपटे वडे तळतात. ते भातासोबत तोंडी लावायचे नसतात. वडा गरम भातावर हाताने चुरायचा, त्यावर हिंग, मोहरी आणि सुक्या लाल मिरचीची कडकडीत फोडणी चमचा-दीड चमचा, आणि मग कालवायचं. फोडणी गार असेल तर परत गरम करून मागा. गार तेलाने भात तुपकट लागतो आणि हिंगाचा वास उठत नाही. सोबत ताकाची कढी असेल तर ती निम्मा भात संपल्यावर.

गोळा-भात: हरभरा डाळीच्या भरड्याचे मसाला घालून वळलेले गोळे भातातच वाफवलेले असतात. गोळा कोरडा, म्हणून त्यालाही तीच फोडणी, आणि इथे हात आखडू नका. गोळा फोडल्यावर आतून पांढरट, पिठूळ दिसला तर तो कच्चा आहे, पोटाला त्रास देईल. बाजूला ठेवा.

सांबारवडी, म्हणजेच पुडाची वडी, हा हिवाळ्याचा पदार्थ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सांबार स्वस्त आणि कोवळा असतो तेव्हाच सारण भरगच्च भरतात. वर बेसन-कणकेची पातळ पारी, आत बारीक चिरलेला सांबार, खोबरं, खसखस, चारोळी. तळल्या तळल्या, कढीसोबत खायची. काउंटरवर रचून ठेवलेली वडी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून दिली तर पारी चामट होते आणि सारणाचं पाणी सुटतं. "तळून द्या, थांबतो" असं स्पष्ट सांगा. उन्हाळ्यात कुठे मिळालीच तर बहुधा आत बेसन जास्त, सांबार नावापुरता.

लांब रोटीही एकदा खावीच. सैल, जवळजवळ ओघळणारी कणीक हातांवर झेलत झेलत पातळ करतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकतात. करणाऱ्या बाईंचे हात बघत राहावेत असे चालतात. कोपरापर्यंत उतरलेली कणीक एका झटक्यात मडक्यावर पसरते आणि मिनिटभरात निघते. ही रोटी गरम असतानाच मऊ असते. बांधून नेली की दोन तासांत कडा कडक होतात, म्हणून पार्सल घ्यायचं तर ओलसर सुती कपड्यात गुंडाळून घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत नको. प्लास्टिकमध्ये वाफ धरते आणि थर एकमेकांना चिकटतात.

हिवाळ्यात भाकरीसोबत वांग्याचं भरीत आणि ताजा ठेचा मिळाला तर दुसरं काही मागवू नका.

संध्याकाळ

इथे थोडक्यात. गुपचूप, म्हणजे पाणीपुरी, कुठल्याही चौकात चांगली मिळते. पावसाळ्यात मात्र पाणी कुठलं ते बघा. मूगवडे आणि मिरची भजे कढईसमोर उभं राहून, हिरव्या चटणीसोबत. गांधीसागर तलावाकाठची खाऊगल्ली सगळ्या कुटुंबाला एकाच जागी वेगवेगळं खायचं असेल तर बरी, पदार्थासाठी म्हणून शहर ओलांडून तिथे जायची गरज नाही. मोमिनपुऱ्यात कबाब, बिर्याणी, पाया आणि नहारी. रमजानच्या रात्री तिथे उशिरापर्यंत गर्दी असते, दोसर वैश्य चौक मेट्रो स्थानक जवळ पडतं. आइस्क्रीमसाठी दिनशॉज, 1932 पासूनची नागपूरची कंपनी. एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारी बारा ते चार बाहेर फिरू नका. कैरीचं पन्हं आणि मठ्ठा हेच त्या दिवसांचं खरं खाणं. सावजी त्या महिन्यांत आठवड्यातून एकदा, तेही तर्रीशिवाय.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, नावाजलेल्या जागी थांबावं लागतं. दसऱ्याच्या आसपास धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात लाखो लोक येतात, आजूबाजूचे रस्ते बंद असतात. त्या दिवसांत पश्चिमेकडच्या खाण्याचा बेत मेट्रोनेच आखा.

संत्री आणि संत्रा बर्फी

नागपुरी संत्र्याचे दोन बहार. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. आंबियाचं फळ थोडं आंबटगोड, मृगाचं जास्त गोड आणि रसाळ. खाण्यासाठी यायचं असेल तर मृग बहाराच्या वेळी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये या. रेल्वे स्थानकाच्या पूर्वेकडच्या दाराजवळच संत्रा मार्केट आहे, गाडीच्या आधी तासभर असेल तरी खरेदी होते.

फळ निवडताना रंगावर जाऊ नका. आंबियाचं फळ सालीवर हिरवट असूनही आतून पिकलेलं असतं. फळ हातात घेऊन वजन जोखा. आकाराच्या मानाने जड असेल तर रस आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, अंगठ्याने सहज सुटते. पण दाबल्यावर आत पोकळी लागली तर फळ झाडावर जास्त राहून कोरडं पडलेलं आहे. जानेवारीनंतर पंजाबकडचा किनू संत्र्याच्या नावाने विकला जातो. त्याची साल घट्ट आणि गुळगुळीत, बिया भरपूर. सोलायला त्रास झाला तर तो किनू. मे ते सप्टेंबरमध्ये कोणी ताजी नागपुरी संत्री म्हणून काही दाखवलं तर घेऊ नका. प्रवासाला नेताना फळं कागदात, हवा खेळेल अशा पेटीत. एक नासकं फळ दोन दिवसांत शेजारची चार घालवतं.

संत्रा बर्फी हलदीरामच्या कुठल्याही मोठ्या दुकानात मिळते. सीलबंद डब्यापेक्षा काउंटरवरची ताजी चांगली लागते, पण ती लवकर संपवावी लागते. दूर न्यायची असेल तर डबा घ्या आणि तारीख वाचा. बर्फी किंचित ओलसर, चावताना गराचा तंतू जाणवणारी हवी. नुसती केशरी, गुळगुळीत आणि इसेन्सच्या वासाची असेल तर तिथून घेऊ नका. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवली तर पाक सुटतो.

मसाला घरी नेताना

इतवारीत सावजी मसाला सुटाही मिळतो आणि पाकिटातही. सुटा घेताना चिमूटभर तळहातावर चोळा. आधी लवंग-दगडफुलाचा वास आला पाहिजे, मिरचीचा ठसका नंतर. आधीच ठसका आला तर त्यात मिरचीपूड वाढवलेली आहे. मिरची वेगळी घ्यायची तर भिवापुरी घ्या, याच जिल्ह्यातली, भौगोलिक मानांकन मिळालेली, रंग आणि तिखट दोन्ही देणारी. मसाला एका वेळी 200 ग्रॅमपेक्षा जास्त नेऊ नका. त्यात खोबरं असेल तर महिना-दीड महिन्यात खवट होतो. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवा.

घरी करताना अर्धा किलो मटणाला हे प्रमाण धरा: मसाला अडीच मोठे चमचे, मिरचीपूड एक ते दोन छोटे चमचे, तीन मध्यम कांदे, 50 ग्रॅम सुकं खोबरं, एक मोठा चमचा खसखस, आलं-लसणाचं वाटण दोन मोठे चमचे, तेल अर्धी वाटी, भाजलेलं ज्वारीचं पीठ एक मोठा चमचा. मटणाला हळद, मीठ आणि निम्मं आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवा. कांदे थोड्या तेलात गडद तपकिरी होईपर्यंत परता, खोबरं आणि खसखस कोरडी भाजा, मग तिन्ही एकत्र अगदी गंधासारखं बारीक वाटा. वाटण जाडसर राहिलं तर रस्सा फाटल्यासारखा दिसतो.

उरलेल्या तेलात उरलेलं आलं-लसूण, मग वाटण, मग मसाला आणि मिरचीपूड. आच मंद ठेवा. मसाला आधीच भाजलेला असतो, मोठ्या आचेवर मिनिटभरात कडू होतो. कडेने तेल सुटेपर्यंत परतायचं, याला दहा-बारा मिनिटं लागतात आणि ती वाचवायची नाहीत. मग मटण घालून आणखी दहा मिनिटं परता. पाणी घालायचं ते उकळतं, तीन ते चार वाट्या. गार पाणी घातलं की उकळी मोडते, मटण आकसतं आणि तर्री नीट वर येत नाही. झाकून मंद आचेवर तास-सव्वा तास, किंवा कुकरला पाच-सहा शिट्ट्या.

ज्वारीचं पीठ अर्धी वाटी पाण्यात कालवून शेवटच्या दहा मिनिटांत, ढवळत ढवळत घाला. आधी घातलं तर तळाला धरतं, कोरडं घातलं तर गुठळ्या होतात. गॅस बंद केल्यावर लगेच वाढू नका. अर्धा तास झाकून ठेवा, तेल आपोआप वर येतं. मग ज्याला हवी त्याला तर्री, आणि बाकीच्यांना डाव खाली बुडवून.